रिकाम्या फॉर्मवरची सही

आमच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात दोनदाकाका होते. खरं नाव हजेरीच्या यादीत होतं, पण ते घेऊन कोणी हाक मारली असती तर बहुधा त्यांनीही मागे वळून पाहिलं नसतं. कुलूप लावलं की ओढून बघायचे, चार पावलं जायचे, आणि परत येऊन पुन्हा ओढायचे. दोन ओळींचा मेल असला तरी दोनदा वाचल्याशिवाय पाठवायचे नाहीत. नवीन आलेली मुलं चेष्टा करायची, "काका, लग्नही दोनदा केलंत का?" त्यावर ते शांतपणे सांगायचे, "बायको एकच. पण होकार दोनदा विचारून घेतला. पहिल्यांदा ती घाईत होती."

मी या विभागात लागले तेव्हा मला पदवी होती आणि अक्कल नव्हती. ती काकांनी दिली. त्यांच्याकडे जुना डिप्लोमा होता आणि सर्व्हरच्या खोलीतली बावीस वर्षं होती. तिथल्या गारठ्यात ते बारा महिने तपकिरी स्वेटर घालून बसायचे. नऊ वर्षांनी विभागप्रमुखाची जागा निघाली तेव्हा पदवी बघितली गेली आणि मी त्यांची साहेब झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण काकांनी त्याच दिवशी मला 'छोटे साहेब' करून टाकलं. "मोठे साहेब वरच्या मजल्यावर बसतात. छोट्या साहेबांना अजून वायर ओळखता येत नाही," असं सगळ्यांसमोर म्हणाले. सगळे हसले, मीही हसले, आणि तो विषय तिथेच संपला. असा मोठेपणा मला कधी जमला नाही. पुढे जे सांगायचं आहे ते त्याबद्दलच आहे.

आमच्या हॉस्पिटलमध्ये पेशंटला घरबसल्या आपले रिपोर्ट बघता येतात, आणि काउंटरवर छापून मिळतात तेही त्याच सेवेतून. ते मधल्या वाटेत कोणी वाचू नयेत म्हणून एक एनक्रिप्शन लायब्ररी वापरतात. ही काही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. कोणीतरी हुशार माणसांनी मजकूर कुलूपबंद करण्याचा कोड एकदा लिहून ठेवलेला असतो आणि जगभरातले लोक तोच वापरतात. त्या वर्षी या कोडमध्ये एक भोक सापडलं. बाहेरच्याने विशिष्ट तऱ्हेने विचारलं की सर्व्हर उत्तराबरोबर मेमरीत शेजारी पडलेलं काहीबाही ओकून टाकायचा. कोणाचा पासवर्ड, कोणाच्या रिपोर्टचा तुकडा, जे हाताला लागेल ते.

दोन दिवसांत ते भोक बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, आला. काकांनी तो टाकला आणि लगेच रिपोर्टची सेवा बंद करून पुन्हा चालू केली. हे रीस्टार्ट करावंच लागतं. पॅचने डिस्कवरची लायब्ररी बदलते, पण आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम जुनीच प्रत मेमरीत धरून बसलेला असतो. काका नवख्यांना सांगायचे, "दारावरची पाटी बदलली म्हणून आत झोपलेल्याला कळतं का? त्याला उठवावं लागतं." तर त्यांनी उठवलं. भर दुपारी पंधरा मिनिटं सेवा बंद राहिली, काउंटरवर रांग लागली, एका गृहस्थाने आवाज चढवला, आणि वरच्या मजल्यावरून मॅनेजर स्वतः खाली आले. त्यांनी काकांना काही म्हटलं नाही. मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "तुमच्या विभागाला हॉस्पिटल चालवायचंय की बंद पाडायचंय?" माझं प्रमुखपद अजून वर्षभर कच्चं होतं. असा प्रश्न पुन्हा ऐकायचा नाही, एवढं मी ठरवलं.

आठवड्याने बातमी आली की पहिल्या पॅचने भोक पुरतं बुजलेलं नाही. दुसरा पॅच आला. काकांची पाळी सकाळी सात ते चार. त्यांनी तीनच्या सुमारास पॅच टाकला आणि म्हणाले, "आता उठवतो."

मी म्हटलं, "नको काका. काउंटर सहाला बंद होतं. त्यानंतर मी करते."

"मग फॉर्म?"

प्रत्येक पॅचला आमच्याकडे एक फॉर्म असतो. पॅच टाकला, रीस्टार्ट केलं, तपासलं, असे तीन चौकोन आणि खाली काम करणाऱ्याची सही. तो सकाळी पहिल्याने मॅनेजरच्या टेबलावर लागतो. दुसऱ्या दिवशी काकांची साप्ताहिक सुट्टी होती. मी म्हटलं, "तुम्ही सही करून ठेवा, मी टिक करते."

काका रिकाम्या फॉर्मवर कधीच सही करत नसत. आधी काम, मग टिक, मग सही, असा त्यांचा नेम होता. त्यांनी फॉर्म हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मी म्हटलं, "काका, माझ्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य मी हसत म्हटलं होतं. ते वाक्य परत घेता आलं तर मी आणखी काही मागणार नाही.

त्यांनी पहिल्या चौकोनात टिक केली आणि खाली सही केली. "तुझ्यावर नाही ठेवायचा तर कोणावर," म्हणाले, आणि डबा उचलून घरी गेले.

सहाला काउंटर बंद झालं नाही. प्रयोगशाळेतून रिपोर्टचा एक गठ्ठा उशिरा आला होता आणि बाकावर आठ-दहा माणसं ताटकळत बसली होती. साडेसहा झाले. मी मशीनला लायब्ररीच्या आवृत्तीचा आकडा विचारला, पडद्यावर नवा आकडा आला. तो डिस्कवरचा आकडा असतो, चालू प्रोग्रॅमचा नव्हे. हे मला माहीत नव्हतं असं म्हणण्याची फार इच्छा होते, पण माहीत होतं. काकांनीच शिकवलं होतं. मी मनात म्हटलं, सकाळी आल्याआल्या करू. आणि उरलेल्या दोन चौकोनांत टिक केली.

सकाळी मॅनेजर जिन्यात भेटले. "या वेळी गाजावाजा नाही, सेवा बंद नाही. असं काम पाहिजे!" म्हणाले. त्यांच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला होता. आता या शाबासकीनंतर जाऊन सेवा बंद कशी करायची? मी म्हटलं, रविवारी करू. रविवारी दुसरंच काही निघालं. मग ते माझ्या डोक्यातून निघून गेलं. गोष्ट नकोशी असली की माझ्या डोक्यातून फार पटकन जाते.

काका सुट्टीवरून आले आणि त्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्यांनी मान हलवली आणि स्वेटर चढवला. प्रोग्रॅम कधीपासून चालू आहे हे बघायला एक ओळ टाइप करावी लागते. आयुष्यभर सगळं दोनदा बघणाऱ्या माणसाने माझ्या बाबतीत एकदाही बघितलं नाही.

अकरा आठवड्यांनी फुटलं. शहरातल्या एका शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या एका तपासणीचा रिपोर्ट पालकांच्या मोबाइलवर फिरला. आजार औषधाने आटोक्यात राहणारा होता, कोणाला लागणाराही नव्हता. पण पालकांना एवढं समजून घ्यायला कुठे वेळ असतो? चार आयांनी मुलींना गाण्याच्या तासाला पाठवणं बंद केलं. बाईंनी हॉस्पिटलला पत्र लिहिलं. बाहेरून तपासनीस आले आणि त्यांनी अर्ध्या दिवसात काढलं की आमचा प्रोग्रॅम दुसऱ्या पॅचच्या आधीपासून तसाच चालू होता, त्याला कोणी उठवलंच नव्हतं. त्या भोकातून एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड गेला होता आणि त्यावरून पुढचं सगळं.

चौकशी मोठ्या टेबलाच्या खोलीत झाली. एका बाजूला मॅनेजर, दोन तपासनीस. समोर काका आणि शेजारी मी. मॅनेजरनी फॉर्म पुढे सरकवला.

"ही सही तुमची?"

काकांनी चष्मा पुसून पाहिलं. "माझीच."

"रीस्टार्टवर टिक आहे. केलं होतंत?"

काकांनी फॉर्म दोनदा वाचला. मधल्या अकरा आठवड्यांत आम्ही इतर मशीनवर वीस-बावीस पॅच टाकले होते. त्यातली एक दुपार कोणाला वेगळी आठवणार? मला आठवत होती, कारण चोर मी होते.

मी वाट बघत होते. खरंच सांगते, मी ठरवलं होतं की त्यांना आठवेल, ते माझ्याकडे बघतील, आणि मग मी हो म्हणेन. खरं सांगण्याचं कामसुद्धा मी त्यांच्यावरच ढकललं होतं.

काका म्हणाले, "मी रिकाम्या फॉर्मवर सही करत नाही. कधीच नाही. म्हणजे टिक माझीच असणार." मग म्हणाले, "आणि रीस्टार्ट झालेलं नाही हे तर मशीनच सांगतंय. म्हणजे केलंच असं समजून मी टिक केली. विसरलो."

त्यांचा नेमच त्यांच्यावर उलटला. एक वाक्य पुरलं असतं, "काका, ती सही मी मागून घेतली होती." मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मी पेनाचं टोपण काढत-घालत होते. मॅनेजर म्हणाले, "वयानुसार होतं." काका 'हो' म्हणाले.

त्यावर कळस म्हणजे काकांनी त्या गाण्याच्या बाईंकडे जायचं ठरवलं. हॉस्पिटलने माफीचं छापील पत्र पाठवलंच होतं. "छापील माफीला काय अर्थ? चूक माझी आहे," म्हणाले. त्यांना एकट्याला जाऊ कसं द्यायचं म्हणून मी गाडी काढली. हे मी चांगुलपणाने केलं असं तेव्हा मला वाटत होतं.

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दारात एकच चपलांचा जोड. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. काका उभेच राहिले. स्वेटरची खालची गुंडी धरून म्हणाले, "बाई, ते काम माझं होतं. मी विसरलो."

बाईंनी दोनदा विचारलं. "विसरलात?" आणि मग, "तुम्ही विसरलात?"

"हो."

"माझ्या वर्गात बावीस मुली होत्या," बाई म्हणाल्या. "आता सात येतात. त्यातल्या दोघी दाराजवळ बसतात." त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. काकांची मान खाली गेली. आणि मी, जिने हे केलं होतं, सोफ्यावर पाण्याचा पेला धरून बसले होते. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही यांची मुलगी का? बरं केलंत सोबत आलात." मी ती शाबासकीसुद्धा गिळली.

महिन्याभरात काकांनी मुदतीआधी निवृत्ती मागितली. कोणी काढलं नव्हतं. "डोक्याचा भरवसा राहिला नाही, छोटे साहेब," म्हणाले. निरोपाला मी भाषण केलं. चूक कोणाकडूनही होते, असं एक वाक्य त्यात होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या.

मग मी त्यांच्याकडे गेलेच नाही. कामाचं कारण होतं, आणि ते नसतं तर दुसरं काढलं असतं. एक दिवस काकू औषधांच्या दुकानात भेटल्या. मी विचारलं, काका कसे आहेत. विचारायचं म्हणून विचारलं होतं. काकू मात्र दुकानातच उभ्या राहून सांगू लागल्या.

त्यांची चार वर्षांची नात जवळच राहते. तिला शाळेत सोडायचं आणि आणायचं काम काकांचं होतं. दोघं हात धरून जायचे, रस्ता ओलांडायच्या आधी दोन्हीकडे दोनदा बघायचे, नात मोठ्याने मोजायची. आता काका जात नाहीत. "मी तिचा हात कुठे सोडला आणि विसरलो तर?" म्हणतात. नातीबरोबर एका खोलीतसुद्धा एकटे बसत नाहीत, काकूंना बोलावून घेतात. ती दार वाजवते आणि हे आतून काकूंना हाका मारतात. शेवटी त्यांच्या मुलीने, नातीच्या आईने, पाळणाघर शोधलं. डॉक्टरांना दाखवलं, सगळ्या तपासण्या झाल्या, डोक्यात काही दोष नाही म्हणाले. काकांना पटत नाही. "डॉक्टर एकदाच बघतात," म्हणतात.

"एकतीस वर्षं काही चुकलं नाही हो," काकू म्हणाल्या, "आणि एका फॉर्मने माणूस बसवला."

त्या शनिवारी मी गेले. जिन्यात दोनदा मागे फिरले, पण गेले. काका खिडकीजवळ बसले होते. घरातही स्वेटर. मला बघून खूश झाले. "छोटे साहेब! या, या." काकूंनी चहा ठेवला. मी चहा यायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर माझा काही भरवसा नव्हता.

"काका, तुम्ही विसरला नाहीत. रीस्टार्ट माझ्याकडे होतं. मीच तुम्हाला थांबवलं, रिकाम्या फॉर्मवर सही मागितली. त्या दोन चौकोनांत टिक मी केली. तुम्ही परत आल्यावर विचारलंत, मी झालं म्हणून खोटं सांगितलं. चौकशीत गप्प बसले. सगळं मी केलं."

काकांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडावं असं फार वाटत होतं. मग त्यांचा चेहरा हळूहळू मऊ झाला आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "तू माझं मन राखायला आलीस. कळतं मला."

"नाही काका, खरं सांगते. दुपारी तीनची वेळ होती. तुमची दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तुम्ही फॉर्म दोनदा हातात घेतलात—"

"मला आठवत नाही ना," ते म्हणाले. "तोच तर रोग आहे. आणि रिकाम्या फॉर्मवर मी सही करत नाही. तुला माहीत आहे."

"एकदा केलीत. मी मागितली म्हणून."

काका हसले. लहान मुलाने खोटं बोलून आपल्याला वाचवायला बघावं आणि ते आपल्याला कळावं, तसं. स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं ऐकलंस का? ही म्हणते सगळं तिनेच केलं. माझ्यासाठी स्वतःवर घ्यायला निघालीय. असं माणूस शोधून सापडायचं नाही!"

काकू चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि त्या हसल्या नाहीत. कप ठेवले. मी चहा कसा प्यायले मला सांगता येणार नाही. काका त्या दिवशी मनापासून गप्पा मारत होते, कारण जगात अजून चांगली माणसं आहेत असं त्यांना वाटत होतं.

निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. दार मागे ओढून घेतलं.

"खरं बोललीस ना?"

"हो काकू."

"मला कळलं. त्यांना कळायचं नाही आता." आणि लगेच विचारलं, "वर मोठ्या साहेबांना सांगितलंस?"

मी चपला घालायला वाकले.

"म्हणजे नाही. इथे येऊन सांगायला तुझं काय गेलं गं? आम्ही काय नोकरीवरून काढणार होतो? उलट डोक्यावर हात मिळाला तुला." मग म्हणाल्या, "त्यांनी स्वतःवरही विश्वास ठेवला नाही, त्या कागदावर ठेवला. तोंडी सांगून काही व्हायचं नाही. ऑफिसचा कागद आण. चूक कोणाची होती ते त्यावर लिहिलेलं पाहिजे, खाली शिक्का पाहिजे. तो वाचतील ते. दोनदा वाचतील. मग नातीचा हात धरतील. तोपर्यंत आमच्याकडे येऊ नकोस."

मी मान हलवली. उद्याच लिहिते म्हणाले. त्या आत गेल्या.

याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात माझं प्रमुखपद पक्कं झालं, तसं पत्रही आलं. मॅनेजरना लिहायचं पत्र चार ओळींचं आहे. कोणत्या तारखेला काय केलं, कोणाला अडकवलं, आणि खाली माझी सही. आज सुट्टी घेऊन तेच लिहायला सकाळपासून टेबलाशी बसले आहे. त्याऐवजी ही एवढी पानं लिहून झाली, आणि पत्राचा कागद अजून रिकामाच आहे.